‘एक शब्दही बदलणार नाही’ म्हणणाऱ्या आपल्या नव्या कथाकारांना



“हे माझ्या समाजाचे जगणे आहे. यातला एक शब्दही मी बदलणार नाही.” कथा-कादंबरी लिहिणाऱ्या आपल्या तरुणांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते पाठ झाले आहे. वाक्य बाणेदार आहे आणि त्याच्या मागे इतिहासही आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, आज आपल्या नव्या कथाकारांचे सर्वांत जास्त नुकसान हेच वाक्य करत आहे. याच वाक्याच्या जोरावर कच्चे हस्तलिखित छापखान्यात जाते, घरातली शिल्लक त्यात जाते, प्रकाशन समारंभात हार-तुरे होतात आणि वर्षभराने पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली पडून असतात. लेखक गप्प होतो. दुसरे पुस्तक येतच नाही.

मी समीक्षक नाही. वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे, समाजशास्त्रात एम.ए. केले आहे आणि कोणी वाचायला दिले तर शेवटच्या पानापर्यंत वाचते, एवढीच माझी पात्रता. पण एवढ्या वाचनातून जे दिसले ते बोलायला हवे. कारण आपल्याकडे होते असे की, प्रस्थापित वर्तुळ आपले लेखन वाचतच नाही आणि आपली माणसे ते वाचून फक्त “छान आहे, जय भीम” म्हणतात. दोन्हीकडून लेखक उपाशीच राहतो.

१९३६ आणि १९५१

‘एक शब्दही बदलणार नाही’ या भूमिकेचे मूळ आपल्या सर्वांना माहीत आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाचे लोक बिथरले. वेद आणि शास्त्रांवरची टीका, हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख हे त्यांना अडचणीचे वाटले आणि त्यांनी काटछाट सुचवली. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. १,५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. आज जगभर वाचले जाणारे ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ हे पुस्तक असे जन्माला आले.

पण हेच बाबासाहेब १९५१ साली काय करतात तेही पाहा. बुद्ध आणि धम्मावरच्या आपल्या ग्रंथाचा मसुदा त्यांनी आधी फक्त ५० प्रतींत छापून घेतला, तोही विक्रीसाठी नव्हे, मोजक्या लोकांत फिरवण्यासाठी. जाणकारांनी तो वाचावा, मत द्यावे म्हणून. त्यानंतर ते आजारपणाशी झगडत त्या ग्रंथावर पुन्हा काम करत राहिले आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

माणूस एकच. १९३६ मध्ये स्वल्पविराम हलवायला नकार देणारा आणि १९५१ मध्ये ५० वाचकांकडे मसुदा पाठवणारा. यात विसंगती कुठेच नाही. लाहोरच्या मंडळाला विचार बोथट करून हवा होता. १९५१ च्या वाचकांकडून विचार अधिक धारदार व्हावा ही अपेक्षा होती. पहिली गोष्ट सेन्सॉरशिप, दुसरी गोष्ट संपादन. आपल्या नव्या लेखकांनी १९३६ पाठ केले आणि १९५१ विसरले, हे खरे दुखणे आहे.

म्हणून कोणीही बदल सुचवला की आधी पाहावे: हा बदल केल्याने माझे म्हणणे कमी होते की जास्त पोहोचते? “गावाचे नाव ठेवा, पण जातीचे नाव काढा, उगाच वाद नको” असे कोणी म्हणाले तर ती लाहोरची काटछाट आहे, ठाम नकार द्या. “तिसऱ्या पानावरचा अपमान आणि सातव्या पानावरचा अपमान एकसारखाच आहे, एक ठेवा” असे कोणी म्हणाले तर तो माणूस तुमचा मित्र आहे, त्याला चहा पाजा.

आता हस्तलिखितांत वारंवार दिसणाऱ्या चुकांकडे येते.

भाषण करणारी पात्रे

आपण भाषणांच्या संस्कृतीत वाढलो. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कुठे ना कुठे माइक हातात असतो. त्यामुळे आपले पात्रही तोंड उघडले की भाषणच करते. तालुक्याहून घरी आलेला मुलगा चुलीपाशी बसलेल्या आईला अडीच पाने मनुस्मृती समजावतो आणि आई फक्त “व्हय रं बाळा” म्हणते. प्रत्यक्षात त्या आईने जन्मभर जे सोसले ते त्या पोराने पुस्तकातसुद्धा वाचलेले नसते. तिला बोलू दिले असते तर कथा उभी राहिली असती.

भाषणाचे काम भाषणाला करू द्या. कथेचे काम वेगळे आहे. समजा, पुण्यात खोली शोधणारा मुलगा एका घरात जातो. घरमालकीण त्याला बसवते, स्टीलच्या पेल्यात थंड पाणी देते, गाव विचारते, नोकरी विचारते, शेवटी आडनाव विचारते. तो सांगतो. ती हसूनच म्हणते, “अहो, सांगायचंच राहिलं, खोली आमच्या भाच्याला द्यायची ठरलीय.” अर्धा पेला पाणी अजून त्याच्या हातात आहे. ते प्यावे की ठेवावे, हे त्याला कळत नाही.

येथे ‘अपमान’ हा शब्द लिहायची गरज नाही, ‘ब्राह्मणी मानसिकता’ हा शब्द तर नाहीच नाही. आजची जात अनेकदा शिवी देत नाही, हसून पाणी देते. तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही, मोर्चा निघत नाही, निवेदनात ती मावत नाही. तिला पकडण्याचे हत्यार म्हणजे कथा. आपण त्या हत्याराने भाषण ठोकत बसलो तर हसऱ्या जातीला पकडणार कोण?

समाजशास्त्र शिकताना आम्हाला शिकवत की शंभर घरांतून जे सारखे आहे ते शोधा. कथेत मात्र त्या शंभरांतले एकच घर निवडायचे आणि ते इतरांपेक्षा वेगळे काय आहे ते शोधायचे. ‘वस्तीतील एक पीडित कुटुंब’ हा अहवालाचा विषय झाला. सासऱ्याच्या जुन्या मिलिटरी ट्रंकेत मुलीची मार्कशीट लपवणारी सून, हा कथेचा विषय झाला.

निर्दोष नायक, पुठ्ठ्याचा खलनायक

आपला नायक हुशार असतो, व्यसनमुक्त असतो, कधी खोटे बोलत नाही, कधी घाबरत नाही. समोरचा पाटील मिशीला पीळ देत येतो आणि पहिल्या वाक्यातच शिवी घालतो. वाचकाला पहिल्या पानावरच शेवट कळतो.

आपल्या परंपरेत असे नव्हते. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथा हादरली. त्या शीर्षककथेतला निवेदक काय करतो? तो जात लपवतो. शिकलेला, कवी मनाचा, नव्या भारतावर विश्वास असलेला तरुण, पण खोली आणि नोकरी टिकवण्यासाठी खरे सांगत नाही. त्याच कथेत जात न लपवता छातीठोकपणे वावरणारा दुसरा माणूसही आहे. या दोघांना समोरासमोर ठेवून बागुलांनी जे साधले ते दहा निर्दोष नायकांनी साधले नसते. कारण वाचक स्वतःला विचारू लागतो की त्या जागी मी काय केले असते. आजही शहरात आडनाव बदलणारे, सोसायटीत बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावणारे आपलेच लोक आहेत. त्यांच्यावर थुंकणारी कथा लिहिणे सोपे आहे. त्यांची भीती समजून घेणारी कथा लिहायला बागुलांचे काळीज लागते.

आणि खलनायकाबद्दल पुन्हा बाबासाहेबांकडेच पाहा. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ची दुसरी आवृत्ती १९३७ मध्ये निघाली, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात छापली आणि मग तिला उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, आपल्याच खर्चाने. आपल्या कथेतल्या सवर्ण पात्राला आपण एवढी तरी जागा देतो का? त्याला स्वतःचे वागणे बरोबरच वाटत असते, तो घरी प्रेमळ बाप असतो, उपवास करतो, भिकाऱ्याला पैसे देतो. जात अशा सज्जन माणसाच्या हातून चालते, हेच तर वाचकाला दाखवायचे आहे. राक्षस दाखवला की सवर्ण वाचक सुटतो. तो म्हणतो, “मी काही असा नाही.”

बाई म्हणजे फक्त सोसणारी आई नव्हे

पुरुष लेखकांच्या हस्तलिखितांत बाई दोनच रूपांत येते. एक तर काबाडकष्ट करून मुलाला शिकवणारी आई, नाहीतर अत्याचाराची बळी. नायकाला चीड यावी म्हणून बहिणीवर अत्याचार घडवून आणणारी कथा मी आता पुढे वाचू शकत नाही. ती बहीण त्या कथेत माणूस नसते, काडेपेटी असते.

बागुलांची ‘आई’ ही कथा पुन्हा काढून वाचा. तिथली विधवा आई कष्टाळू आहेच, पण तिला देह आहे, एकटेपण आहे, आणि तिच्याकडे संशयाने पाहणारा स्वतःचा मुलगा आहे. ऊर्मिला पवारांची ‘कवच’ वाचा. आंबे विकणाऱ्या आईवर अश्लील बोलणाऱ्या जगाला आई कशी तोंड देते, हे त्यांनी शाळकरी मुलाच्या नजरेतून दाखवले आहे. जे कवच घालून द्यायला मुलगा निघतो ते आईकडे आधीच असते. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले आणि कितीतरी वर्षे ते कागद तसेच ठेवले. बाहेरच्या जातीबरोबर घरातल्या पुरुषाबद्दलही त्या बोलल्या. आपल्या घरातला अन्याय लिहिला तर ‘चळवळीची बदनामी’ होते असे कोणी सांगितले तर तीही लाहोरची काटछाटच आहे, फक्त आपल्या माणसाने केलेली.

आजोबांचा काळ, आपली भाषा

पंचविशीतली मुले १९५० च्या महारवाड्याच्या कथा लिहितात. येसकर, मेलेले ढोर, गावकुसाबाहेरची विहीर. हे सर्व सत्य आहे, पण हे तुम्ही पाहिलेले नाही, वाचलेले आहे. वाचलेल्याचे पुन्हा लिहिले की ती नक्कल होते. तुम्ही पाहिलेले जग कोणी लिहायचे? अभ्यासिकेत सहावा प्रयत्न करणारा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, फेलोशिपचा हप्ता थकलेला पीएच.डी.चा विद्यार्थी, दारात पार्सल घेऊन उभा राहिल्यावर नाव-आडनाव मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा डिलिव्हरी बॉय, आंतरजातीय लग्नानंतर सासरी देव्हाऱ्यापुढे उभी असलेली आपली मुलगी, कंत्राटी सफाई कामगार, आपल्यातलाच नव्याने श्रीमंत झालेला ठेकेदार. यांच्यावरचे लेखन अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहे.

भाषेचेही असेच. निवेदन “प्रदीर्घ काळोखाच्या गर्तेत” अशा जड शब्दांत आणि संवाद बोलीत, असा दुहेरी कारभार चालतो. याचा अर्थ असा होतो की लेखक शहाणा आणि पात्रे अडाणी. आपल्याच लोकांबद्दल आपणच असे सुचवावे का? आणि बोली लिहायची तर एका गावाची, एका घराची लिहा. वऱ्हाडी माणसाच्या तोंडी अर्धे वाक्य कोल्हापुरी असेल तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकते. लिहून झाल्यावर संवाद मोठ्याने वाचा, शक्यतो आजीला ऐकवा. ती हसली तर कुठे हसली ते लिहून ठेवा.

आणखी एक खोड शेवटाची. कथा अडली की जयंतीची मिरवणूक येते, नायक पुतळ्याकडे पाहतो, डोळ्यांत पाणी येते, समाप्त. बाबासाहेब आपल्या लेखनाच्या मुळाशी असावेत, अडलेली कथा सोडवायला बोलावलेले पाहुणे नसावेत. अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, पण कादंबरीत फकिराला स्वतःचे जगणे जगू दिले.

‘हे ब्राह्मणी निकष आहेत’

येथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, “ताई, हे कलावाद्यांचे निकष झाले. आमचा आक्रोश आहे, त्याला कलाकुसर कशाला?” या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवे, कारण त्यात तथ्य आहे. ‘भडक’, ‘एकसुरी’, ‘प्रचारकी’ हे शब्द आपल्या लेखनाला दारातच अडवण्यासाठी वापरले गेले आहेत. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात हेच मांडले की दलित साहित्याला परक्या फूटपट्टीने मोजता येणार नाही. हे शंभर टक्के मान्य. पण परकी फूटपट्टी नाकारणे म्हणजे फूटपट्टीच नको असे नाही. आपली फूटपट्टी अधिक कडक असली पाहिजे, कारण आपल्याला फक्त मन रमवायचे नाही, मन बदलायचे आहे. आपल्या वस्तीतल्या बाईला या कथेत आपण खरे दिसतो असे वाटले पाहिजे, हा निकष कोणत्याही कलावाद्याच्या निकषापेक्षा अवघड आहे.

दुसरे म्हणजे, कलाकुसर उच्चवर्णीयांची आणि आक्रोश आपला, ही वाटणी कोणी केली? ढोलकी मढवणाऱ्याला, चप्पल शिवणाऱ्याला, वाकळ शिवणाऱ्या बाईला कोणी म्हणत नाही की टाका कसाही चालेल. आपले हात पिढ्यान्‌पिढ्या कसबी होते. लेखणी हातात आल्यावरच ते कसब सोडायचे कशासाठी?

आता प्रकाशनाचा बाजार

हस्तलिखित चांगले झाले म्हणजे रस्ता मोकळा होतो असे मुळीच नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. दार बंद ठेवण्याची ती पद्धत आज सभ्य झाली आहे. “यंदाची यादी पूर्ण झाली आहे”, “कथासंग्रह चालत नाहीत”, किंवा “तुम्ही आत्मकथन का लिहीत नाही?” हा शेवटचा प्रश्न नीट ऐका. १९७८ मध्ये ग्रंथालीने दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले आणि त्यानंतर आत्मकथनांची मोठी लाट आली. ती आपली ताकद आहे. पण आता आपल्याकडून फक्त दुःखाची साक्ष हवी आणि कल्पना करण्याचा अधिकार इतरांचा, अशी बाजाराची धारणा दिसते. कादंबरी लिहिणे म्हणजे कल्पना करण्याचा हक्क बजावणे. म्हणून हा साहित्याचा तसा हक्काचाही प्रश्न आहे.

एकीकडे बंद दार आणि दुसरीकडे सताड उघडे दुकान. “तुमचे पुस्तक आम्ही काढतो, खर्च तुमचा.” हिशोब करून पाहा. समजा ३०० प्रतींसाठी तुमच्याकडून ६०,००० रुपये घेतले, म्हणजे एक प्रत २०० रुपयांना पडली. पुस्तकाची किंमत २५० रुपये ठेवली. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर हाती येतात १५० रुपये. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी १५,००० रुपयांचा तोटा. आणि ३०० प्रती खरोखर छापल्या का, किती उरल्या, हे विचारायची सोय नाही, कारण लेखी काहीच नसते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने बहिणीच्या लग्नासाठी जमवलेल्या पैशांतून पुस्तक काढले. मुखपृष्ठावर तिच्या नावात चूक होती. दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे मागितले गेले.

त्यामुळे काही गोष्टी कोरड्या वाटल्या तरी लक्षात ठेवा.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कलम १९ सांगते की करारात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी किती, हे नमूद असले पाहिजे. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षे धरला जातो. घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क संपतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशा ओळीवर सही करू नका. भाषांतर, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवा. सिनेमावाले आता आपल्या कथा शोधत येऊ लागले आहेत.

आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी पैसे मागत असेल तर सावध व्हा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो.

पहिल्याच पुस्तकासाठी खिसा रिकामा करण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. तिथे हस्तलिखित तपासले जाते. नाकारले गेले तर निदान पैसे तरी जात नाहीत.

पुस्तकाआधी कथा छापा. मासिके, त्रैमासिके, दिवाळी अंक यांना एकेक कथा पाठवा. आपल्या साहित्याची पिढी ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकाने घडवली. गंगाधर पानतावणे सरांनी ते दशकानुदशके चालवले, नवख्या लेखकांना जागा दिली आणि लेखक-वाचक मेळावे भरवून त्यांना एकमेकांसमोर बसवले. पाच कथा पाच ठिकाणी छापून आल्या, त्यावर दहा अनोळखी वाचकांचे फोन आले, की मग संग्रहाचा विचार करा.

स्वतः पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. १९३६ चे उदाहरण वर दिलेच आहे. पण बाबासाहेबांच्या पुस्तकाला वाट पाहणारा वाचक होता. तुमचा वाचक किती आहे ते आधी मोजा. आता ५० प्रतीही छापून मिळतात. ५० विका, मग पुढच्या ५० छापा. आणि किंमत परवडणारी ठेवा. गांधीजींना बाबासाहेबांच्या पुस्तकाची आठ आण्यांची किंमतही जास्त वाटली होती. त्यांच्या बाकीच्या टीकेशी आपण सहमत नसू, पण वस्तीतला वाचक ४०० रुपयांचा कथासंग्रह घेणार नाही, एवढे तरी समजून घेऊ.

आणि प्रस्तावनेसाठी मोठ्या सरांच्या मागे वर्ष घालवू नका. सरांनी न वाचता लिहिलेली चार पाने वाचकाला लगेच ओळखू येतात. त्या वर्षात एक कथा पुन्हा लिहून होते.

चळवळीने काय करावे

लेखकालाच सर्व सुनावून थांबणे अन्यायाचे होईल. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल पाहा. पोटाला चिमटा काढून पुस्तक घेणारा असा समाज दुसरा नाही. पण त्या पिशव्यांत नव्या कथाकाराचे पुस्तक किती असते? आपण वैचारिक पुस्तक कर्तव्य म्हणून घेतो आणि कथा-कादंबरीला करमणूक समजून बाजूला ठेवतो. मग आपल्या मुलांच्या मनात प्रेमाची, घराची, यशाची जी चित्रे तयार होतात ती टीव्ही मालिकांमधून येतात, जिथे आपले आडनाव सहसा ऐकू येत नाही. हे वैचारिक नुकसान नाही तर काय आहे?

दुसरे, आपल्याकडे सत्कार आहे, वाचन नाही. कवीला शाल मिळते, कथाकाराला मत मिळत नाही. ‘आपल्या माणसाला कसे दुखवायचे’ म्हणून आपण खोटे कौतुक करतो आणि तो माणूस त्या कौतुकावर विसंबून पैसे घालतो. हे प्रेम नव्हे. बुद्धाने कालामांना सांगितले की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा. मग आपल्या मित्राची कथा ‘आपल्या माणसाची आहे’ म्हणून न तपासता कशी मान्य करायची?

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात पाच-सात जणांचे वाचन मंडळ असावे. महिन्याला एक अप्रकाशित कथा. ती आधी सर्वांनी घरी वाचायची. बैठकीत लेखकाने पहिला अर्धा तास काहीही बोलायचे नाही, खुलासा द्यायचा नाही, कारण पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाच्या शेजारी तो खुलासा द्यायला बसलेला नसतो. प्रत्येकाने सांगायचे: कुठे विश्वास बसला, कुठे बसला नाही, कुठे पान उलटावेसे वाटले नाही. मंडळात निम्म्या बाया असाव्यात. एखादा असा माणूसही असावा ज्याने आयुष्यात कथा वाचलेली नाही. आणि शेवटचा निर्णय लेखकाचाच, यावर वाद नको.

येत्या ३१ जानेवारीला, ‘मूकनायक’च्या वर्धापनदिनी, भाषणांच्या यादीतले एक भाषण कमी करा आणि त्या वेळेत तुमच्या वस्तीतल्या एका नव्या लेखकाची किंवा लेखिकेची कथा वाचून तिच्यावर प्रामाणिक चर्चा करा. कथा चांगली निघाली तर जमलेल्यांनी तिथेच वर्गणी काढून तिच्या ५० प्रती छापाव्यात. ५० ही संख्या मी मुद्दाम सांगते आहे. १९५१ मध्ये तेवढ्याच होत्या.

जय भीम! नमो बुद्धाय!